स्पॅनिशची दोन दारे : अमेरिकी विद्यापीठांतील एका विषयाचा इतिहास

इ.स. १८१६. जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात शिकत असलेल्या जॉर्ज टिकनॉर या पंचवीस वर्षांच्या बोस्टनकर तरुणाला मायदेशाहून निरोप आला. हार्वर्डने त्याला फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांचे प्राध्यापकपद देऊ केले होते. पद नवे होते, मानाचे होते. अडचण एवढीच, की त्याची स्पॅनिशशी ओळख जवळजवळ नव्हतीच.

अमेरिकी महाविद्यालयांत आज इंग्रजीखेरीज सर्वाधिक शिकली जाणारी भाषा स्पॅनिश आहे. ज्या विषयात पदवी घ्यायची तो मुख्य विषय, म्हणजे ज्याला तिकडे ‘मेजर’ म्हणतात, म्हणूनही असंख्य विद्यार्थी ती निवडतात. मात्र या विषयाला जन्मापासून दोन दारे होती. पुढच्या दाराने स्पॅनिश आली ती सर्व्हान्तेसची आणि जुन्या कास्तीलची, ग्रंथालयातली, सन्मानाची भाषा म्हणून. मागच्या दाराशी तीच भाषा घरी बोलणारी मुले उभी होती; त्यांच्या तोंडून ती शाळेच्या आवारात निघाली तर शिक्षा होत असे. ही दोन दारे एकाच घरात उघडतात हे मान्य व्हायला दीडशे वर्षे लागली. हा धागा त्या दीडशे वर्षांचा.

आधी पुढचे दार.

अमेरिकेच्या संस्थापकांना स्पॅनिशचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. थॉमस जेफरसनने १७८७ मध्ये आपला भाचा पीटर कार याला लिहिलेल्या पत्रात ही भाषा शिकण्याचा आग्रह धरला होता. स्पेनशी आणि दक्षिणेकडील स्पॅनिश वसाहतींशी पुढे आपला संबंध वाढणार, हे त्याचे कारण. म्हणजे हेतू व्यवहाराचा. स्वतः जेफरसनने ती कशी आत्मसात केली याची गोष्ट गमतीची आहे. युरोपला जाताना एकोणीस दिवसांच्या समुद्रप्रवासात, एक व्याकरण आणि ‘दोन किहोते’ची एक प्रत एवढ्या सामग्रीवर आपण स्पॅनिश शिकलो, असे त्याने एका भोजनप्रसंगी सांगितले. ऐकणाऱ्यांत जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स होते. त्यांनी घरी जाऊन रोजनिशीत हे टिपले आणि जेफरसनला गोष्टी फुगवून सांगण्याची सवय आहे, अशी पुस्तीही जोडली.

हार्वर्डमधील पदाचा उगमही व्यापारी पैशातूनच झाला. एबिएल स्मिथ हा बोस्टनचा श्रीमंत व्यापारी १८१५ मध्ये वारला. फ्रेंच व स्पॅनिशच्या अध्यापनासाठी त्याने हार्वर्डला वीस हजार डॉलर ठेवले होते. त्याच मृत्युपत्रात शहरातील कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणासाठीही तरतूद होती. त्यातून उभी राहिलेली एबिएल स्मिथ शाळा बोस्टनमध्ये आजही जतन केलेली आहे. व्यापाऱ्याने स्पॅनिश ही व्यवहाराची भाषा मानली असेल तर त्यात नवल नाही. टिकनॉरने मात्र तिला अगदी वेगळ्या वाटेने नेले.

१८१८ मध्ये तो स्पेनमध्ये उतरला. नेपोलियनच्या युद्धांनी तो देश पिळून निघाला होता, राजा सातवा फेर्नांदो याने इन्क्विझिशन पुन्हा सुरू केले होते आणि चांगली जुनी पुस्तके मिळणे दुरापास्त होते. बार्सेलोनाहून माद्रिदकडे जाणाऱ्या गाडीत टिकनॉर सहप्रवाशांना ‘दोन किहोते’ मोठ्याने वाचून दाखवत असे. माद्रिदमध्ये त्याला गुरू भेटला तो होसे आंतोनियो कोंदे, अरबी भाषेचा नामांकित पंडित. त्याच्यापाशी बसून त्याने जुने स्पॅनिश काव्य वाचले. परतताना सेव्हिलहून पोर्तुगालच्या दिशेने जाण्याचा मार्ग लुटारूंमुळे इतका असुरक्षित होता, की या भावी प्राध्यापकाने चक्क तस्करांच्या टोळीबरोबर प्रवास केला आणि रात्री झाडांखाली काढल्या. त्यांच्या संगतीत आपण फार सुखात होतो, असेच त्याचे मत पडले.

१८१९ मध्ये तो हार्वर्डच्या आसनावर रुजू झाला. तिथे त्याने जी व्यवस्था बसवली तिचे परिणाम दूरगामी आहेत. प्राध्यापक साहित्यावर व्याख्याने देणार; भाषा घोटून घेण्याचे काम दुय्यम शिक्षकाकडे. ते काम फ्रान्सिस सेल्स नावाचा, फ्रान्सच्या स्पॅनिश सीमेजवळील पेर्पिन्याँचा मनुष्य करीत असे आणि १८१६ पासून जवळजवळ चार दशके त्याने ते केले. साहित्य शिकवणारा वर, भाषा शिकवणारा खाली, ही उतरंड अमेरिकी भाषा-विभागांत अद्याप मोडलेली नाही. पगारात, नोकरीच्या शाश्वतीत आणि बैठकीतील मतात ती आजही दिसते.

टिकनॉरनंतर १८३६ मध्ये त्याच आसनावर कवी लाँगफेलो आला आणि त्याच्यामागून कवी-समीक्षक जेम्स रसेल लोवेल. लाँगफेलोने होर्गे मान्रिके या पंधराव्या शतकातील स्पॅनिश कवीच्या शोककाव्याचे भाषांतर केले होते, त्याचेही मन जुन्या स्पेनमध्येच रमलेले. पद सोडल्यानंतर टिकनॉरने आपले जीवितकार्य पूर्ण केले. ‘स्पॅनिश साहित्याचा इतिहास’ या नावाचा त्याचा तीन खंडांचा ग्रंथ १८४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या विषयावर इतके विस्तृत काम तोवर स्पेनमध्येही झालेले नव्हते आणि लौकरच त्याचे स्पॅनिश भाषांतर निघाले. आपली स्पॅनिश-पोर्तुगीज पुस्तके, सुमारे चार हजार खंड, त्याने बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला ठेवली. या ग्रंथालयाच्या स्थापनेतही त्याचा हात होता.

१८४९ ही तारीख येथे थांबून पाहण्याजोगी आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, २ फेब्रुवारी १८४८ रोजी, ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोबरोबरचे युद्ध संपले होते. टेक्सास आधीच गेले होते. आता कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको आणि त्यांच्यामधला अफाट प्रदेश अमेरिकेला मिळाला. मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक भूभाग अशा रीतीने सीमेपलीकडे गेला. त्या भूमीवर राहणारी ऐंशी हजार ते एक लाख माणसे एका सहीनिशी अमेरिकेत आली. त्यांनी सीमा ओलांडली नव्हती. सीमेने त्यांना ओलांडले होते. त्यांची भाषा स्पॅनिश होती. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या राज्यघटनेने कायदे इंग्रजी व स्पॅनिश दोन्हींत छापावेत असे ठरवले. तीस वर्षांनी, १८७९ च्या नव्या घटनेत, ही तरतूद उरली नाही.

म्हणजे बोस्टनमध्ये स्पॅनिश साहित्याचा महाग्रंथ छापला जात असताना, स्पॅनिश ही अमेरिकेतील एका मोठ्या प्रदेशाची घरची भाषा झाली होती. दोन्ही गोष्टींना जोडणारा एक धागाही आहे. विल्यम प्रेस्कॉट हा टिकनॉरचा जिवलग मित्र. त्याची दृष्टी अधू होती. १८२४ मध्ये टिकनॉरने आपली स्पॅनिश साहित्यावरील व्याख्याने त्याला वाचून दाखवली आणि त्यातून प्रेस्कॉट स्पेनच्या इतिहासाकडे वळला. त्याचा मेक्सिकोच्या विजयाचा इतिहास १८४३ मध्ये निघाला. तीन वर्षांनी मेक्सिकोवर चालून गेलेल्या अमेरिकी सैन्यात अनेकांनी तो वाचलेला होता. कोर्तेसच्या पावलांवर पाऊल टाकीत आपण राजधानीकडे निघालो आहोत, असे त्यांना वाटे. प्रेस्कॉटला स्वतःला ते युद्ध नापसंत होते. पण पुस्तक एकदा छापले गेले की ते लेखकाला विचारून वाचले जात नाही.

तरीही टिकनॉरच्या परंपरेतील कोणालाही सॅन अँटोनियो किंवा सांता फे येथील स्पॅनिश अभ्यासाचा विषय वाटली नाही. अभ्यासाचे स्पेन दूरचे आणि भूतकाळातले होते. एकेकाळी महान, आता पडझड झालेले साम्राज्य, हे त्याचे चित्र. जवळच्या माणसाची भाषा म्हणजे मजुराची बोली. हा भेद कोणी ठराव करून केला नाही, आणि म्हणूनच तो इतका काळ टिकला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाविद्यालयांचे स्वरूप पालटले. लॅटिन-ग्रीकची सक्ती सैल झाली, विषय निवडण्याची मुभा मिळाली. पुढे, १९०९ मध्ये हार्वर्डचा अध्यक्ष झालेल्या ए. लॉरेन्स लोवेलने, प्रत्येक विद्यार्थ्याने एका विषयात खोलवर जावे अशी पद्धत घातली. आज ज्याला मेजर म्हणतात ती कल्पना या काळात पक्की झाली. मात्र या नव्या बाजारात स्पॅनिश मागेच होती. जर्मन ही विज्ञानाची आणि पांडित्याची भाषा, फ्रेंच ही संस्कृतीची. स्पॅनिश तिसऱ्या रांगेत. १८९८ च्या युद्धात अमेरिकेने स्पेनचा पराभव करून प्वेर्तो रिको घेतले, तेव्हा तेथील मुलांना इंग्रजीतून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि तो जवळपास अर्धशतक चालला. स्पॅनिश शिकण्याऐवजी ती पुसण्याकडेच सरकारचा ओढा होता.

मग पहिले महायुद्ध आले आणि चित्र काही वर्षांत उलटले. १९१५ मध्ये अमेरिकी माध्यमिक शाळांतील सुमारे चोवीस टक्के विद्यार्थी जर्मन शिकत होते. १९२२ मध्ये हे प्रमाण एका टक्क्याच्याही खाली आले. शत्रूची भाषा म्हणून तिच्यावर बहिष्कार पडला, काही राज्यांनी कायदे केले, जर्मन पुस्तके जाळल्याच्याही घटना घडल्या. या रिकाम्या वर्गांत स्पॅनिश शिरली. तिचे प्रमाण त्याच सात वर्षांत तीन टक्क्यांहून कमीवरून अकरा टक्क्यांवर गेले. पनामा कालवा १९१४ मध्ये खुला झाला होता, दक्षिण अमेरिकेशी व्यापार वाढेल अशी हवा होती. जेफरसनचे जुने कारण पुन्हा कामी आले. स्पॅनिशला हे वैभव स्वतःच्या गुणांपेक्षा शेजारणीच्या दुर्दैवामुळे अधिक लाभले, हे तिच्या चाहत्यांनीही नाकारू नये.

१९१७ मध्ये स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष न्यूयॉर्कचे लॉरेन्स विल्किन्स. ‘हिस्पानिया’ हे तिचे नियतकालिक आजही चालू आहे. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, टेक्सासने कायदा केला. सार्वजनिक शाळेत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवणे हा गुन्हा ठरला. वरच्या वर्गात परकीय भाषा हा विषय म्हणून तेवढी सवलत राहिली. म्हणजे स्पॅनिश परकी म्हणून शिकायची असेल तर चालेल, आपली म्हणून बोलायची असेल तर नाही.

‘हिस्पानिया’चा पहिला संपादक कोण होता हे पाहिले, की ही विसंगती अधिक टोचते. आउरेलिओ एस्पिनोसा यांचा जन्म १८८० मध्ये दक्षिण कोलोरॅडोत, घरी पिढ्यान्‌पिढ्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबात झाला. शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९१० मध्ये ते स्टॅनफर्डला गेले. मागच्या दाराचा मनुष्य पुढच्या दालनात जाऊन बसल्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण. त्यांनी अभ्यासाला विषय घेतला तो आपल्याच लोकांची, न्यू मेक्सिकोची स्पॅनिश. खेड्यापाड्यांतून त्यांनी गाणी, कथा, म्हणी गोळा केल्या आणि सोळाव्या शतकातील कास्तीलमधील पोवाड्यांचे अवशेष तेथील आजीबाईंच्या तोंडी जिवंत असल्याचे दाखवून दिले.

या बोलीतले काही शब्दच पाहावेत. ‘मी आणले’ यासाठी प्रमाण स्पॅनिश ‘त्राहे’ म्हणते. न्यू मेक्सिकोचा शेतकरी ‘त्रुहे’ म्हणतो. ‘मी पाहिले’ यासाठी तो ‘वी’ न म्हणता ‘विदे’ म्हणतो. ‘असे’ या अर्थी ‘आसी’ऐवजी ‘आसिना’. स्पॅनिशच्या वर्गात ही रूपे चूक. पण ‘त्रुहे’ आणि ‘विदे’ ही रूपे सर्व्हान्तेसच्या काळात शिष्ट लेखनात सर्रास चालत. ज्या पोराची वही लाल शाईने रंगवली गेली, त्याच्याच चुका पुढच्या तासाला अभिजात ग्रंथाच्या पानावर आदराने वाचल्या जात. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. ज्ञानेश्वरीतील ‘मियां’पुढे नतमस्तक होणारा शिक्षक खेड्यातल्या मुलाचे ‘म्या’ खोडतोच.

एस्पिनोसांच्या कामाला एक मर्यादा होती. या लोकांच्या वारशातील जे जे स्पेनहून आले ते त्यांना प्रिय. त्यातला मेक्सिकोचा, मूळ रहिवाशांचा भाग ते कमी लेखत. पण त्या काळात प्रतिष्ठेचा परवाना माद्रिदच्या नावावरच मिळत होता, हेही ध्यानात घ्यावे लागते.

या सुमारास विभागांचे वैभव वाढत गेले. फेदेरिको दे ओनीस हे उनामुनोचे शिष्य १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी हिस्पॅनिक अभ्यासाचे मोठे केंद्र उभे केले. त्यांच्याच ओढीने कवी फेदेरिको गार्सिया लोर्का १९२९ मध्ये तेथे पोचला. नाव इंग्रजीच्या वर्गात घातले, पण इंग्रजी काही फारसे शिकला नाही. शहरावर कविता मात्र लिहून गेला. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली आणि पुढे फ्रँकोची हुकूमशाही आली, तेव्हा एका देशाचे अर्धे वाङ्मय जणू अमेरिकी महाविद्यालयांत आश्रयाला आले. पेद्रो सालिनास वेल्सली या स्त्रियांच्या महाविद्यालयात, नंतर जॉन्स हॉपकिन्सला. होर्गे गियेनही वेल्सलीला. लुईस सेर्नुदा माउंट होलियोकला. इतिहासकार आमेरिको कास्त्रो प्रिन्स्टनला. न्यू इंग्लंडच्या बर्फात एकोणीस-वीस वर्षांच्या मुली स्पेनच्या थोर कवींकडून स्पॅनिश शिकत होत्या. असा योग कुठल्याही भाषेच्या नशिबी क्वचित येतो.

मात्र या झगमगाटातही अभ्यासक्रमाचे तोंड स्पेनकडेच होते. लॅटिन अमेरिकेचे साहित्य हे परिशिष्ट मानले जाई. आल्फ्रेड कोस्टर यांचा स्पॅनिश अमेरिकेच्या साहित्याचा इतिहास १९१६ मध्येच आला होता. डोमिनिकन विद्वान पेद्रो एनरिकेस उरेन्या यांनी १९४० साली हार्वर्डमध्ये त्याच विषयावर नॉर्टन व्याख्याने दिली. तरी विभागांचा कल बदलला तो १९५९ ची क्यूबाची क्रांती आणि गार्सिया मार्केस, कोर्तासार यांच्या कादंबऱ्यांचा गाजावाजा झाल्यावरच.

आता मागचे दार.

पश्चिम टेक्सासच्या वाळवंटी पठारावर मार्फा नावाचे लहानसे गाव आहे. तेथे मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी शाळा होती. इमारत १९०९ ची, नाव पुढे ब्लॅकवेल शाळा असे पडले. टेक्सास व कॅलिफोर्नियातील अशा शाळांचे समर्थन बहुधा भाषेच्या आडून केले जाई : या मुलांना इंग्रजी येत नाही, म्हणून ती निराळी बसवावीत. निराळी बसवल्यावर त्यांना इंग्रजी कोणाशी बोलून यावी, हा प्रश्न कोणी विचारत नसे.

१९५४ मध्ये या शाळेत एक अंत्यविधी झाला. मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेण्यात आल्या : आपण स्पॅनिश बोलणार नाही. त्या एका खोक्यात घातल्या आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून ‘मिस्टर स्पॅनिश’ यांचे दफन करण्यात आले. त्यानंतर आवारात जो स्पॅनिश बोलेल त्याला लाकडी फळीचा मार. ज्या मुलांनी तो खड्डा बुजताना पाहिला त्यांच्या आया घरी स्पॅनिशमध्येच बोलत होत्या.

त्याच वर्षी वेल्सलीत गियेन स्पॅनिश काव्य शिकवत होता. ही तुलना कोणा व्यक्तीला दोष देण्यासाठी नाही. गियेन स्वतः निर्वासित होता, त्याला मार्फाची वार्ताही नसावी. पण एका देशाच्या शिक्षणव्यवस्थेत एकाच वर्षी एकच भाषा एका ठिकाणी पदवीला पात्र होती आणि दुसऱ्या ठिकाणी पुरण्याच्या लायकीची, हे लपवण्यासारखे नाही.

मार झेलत शिकलेली मुले पुढे महाविद्यालयात पोचली, तेव्हाही त्यांची भाषा दुरुस्तीलाच होती. ग्लोरिया आन्साल्दुआ ही दक्षिण टेक्सासची लेखिका. मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलताना पकडले गेल्याबद्दल मिळालेली शिक्षा आणि पुढे पॅन अमेरिकन विद्यापीठात मेक्सिकन वंशाच्या सर्व विद्यार्थ्यांना उच्चारातील हेल घालवण्यासाठी घ्यावे लागलेले दोन सक्तीचे वर्ग, या दोन्हींविषयी तिने १९८७ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. ते पुस्तक, ‘बॉर्डरलँड्स’, इंग्रजी व स्पॅनिश अशा मिश्र भाषेत आहे आणि आज ते अनेक महाविद्यालयांत नेमलेले असते.

१९६८ हे वर्ष कलाटणीचे. जानेवारीत द्विभाषिक शिक्षणाला पैसा देणारा पहिला संघराज्यीय कायदा झाला. मार्चमध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या माध्यमिक शाळांतून हजारो मेक्सिकन-अमेरिकी विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्यांच्या मागण्यांत आपला इतिहास, आपले शिक्षक आणि आपली भाषा होती. टेक्सासचा १९१८ चा कायदा १९६९ मध्ये मागे घेण्यात आला. आणि १९७० च्या गणनेत महाविद्यालयीन विद्यार्थिसंख्येत स्पॅनिशने प्रथमच फ्रेंचला मागे टाकले.

आता विभागांपुढे असा प्रश्न आला, ज्याची तयारी टिकनॉरने करून ठेवलेली नव्हती. पहिल्या वर्षाच्या वर्गात एक मुलगा ‘नमस्कार’पासून सुरुवात करणारा, शेजारची मुलगी आजीशी तासन्‌तास बोलणारी, विनोद कळणारी, पण स्पॅनिशमध्ये एक निबंध कधी न लिहिलेली. पाठ्यपुस्तक पहिल्यासाठी लिहिलेले. परीक्षेत अनेकदा तोच पुढे जाई, कारण क्रियापदांची कोष्टके त्याने पाठ केलेली असत. तिला कोष्टक काय असते हेच ठाऊक नसे. तिला फक्त भाषा येत असे. घरची भाषा येणाऱ्यांसाठी वेगळे वर्ग सत्तरच्या दशकापासून पसरू लागले. स्टॅनफर्डच्या ग्वादालूपे वाल्देस यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले, की अशा विद्यार्थ्याची भाषा ही मोडकी स्पॅनिश नसून दोन भाषांत जगणाऱ्या समाजाची पूर्ण भाषा आहे. तिला लेखनाची, वाचनाची, प्रमाण रूपाची जोड द्यायची. तिच्या जागी दुसरी बसवायची नाही. ऐकायला सोपे वाटते. शिक्षकाच्या हातातील लाल पेन खाली ठेवायला मात्र एक पिढी गेली, आणि काही विभागांत ते अजून ठेवलेले नाही.

१९९५ पर्यंत अमेरिकी महाविद्यालयांत परभाषा शिकणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी एकट्या स्पॅनिशचे होते. २००९ च्या सुमारास ही संख्या साडेआठ लाखांवर गेली. त्यानंतर उतार लागला. २०२१ च्या गणनेत ती सुमारे पाच लाख चौऱ्याऐंशी हजार भरली. मजा अशी, की याच काळात देशातील हिस्पॅनिक लोकसंख्या वाढतच होती. २०२० च्या जनगणनेत तिने सहा कोटींचा टप्पा ओलांडला. बोलणारे वाढले आणि शिकणारे घटले. मानव्यविद्यांकडे एकूणच पाठ फिरली आहे, शुल्क भरमसाट झाले आहे, नोकरी कोणती मिळेल हा प्रश्न पालक पहिला विचारतात. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने अठ्ठावीस पदवी-अभ्यासक्रम बंद करून १४३ अध्यापकपदे कमी करण्याचा निर्णय घेतला. त्यात परभाषांतील पदव्या गेल्या. गदारोळ झाल्यावर स्पॅनिश व चिनी भाषांचे काही वर्ग तेवढे राखले गेले. पदवीचा मुख्य विषय म्हणून स्पॅनिश तेथे उरली नाही.

व्यवहाराचे कारण देऊन आलेला विषय व्यवहाराचेच कारण देऊन काढता येतो. जेफरसनच्या पत्रातील युक्तिवाद दोन्ही बाजूंनी चालतो. टिकनॉरच्या बाजूचा युक्तिवाद, म्हणजे थोर साहित्याचा, अंदाजपत्रकाच्या बैठकीत कोणी ऐकून घेत नाही. तिसरा युक्तिवाद उशिरा आला : ही भाषा परकी नाहीच, ती याच भूमीवरच्या लोकांची आहे आणि तिचा अभ्यास हा या देशाचा अभ्यास आहे. जेथे हा तिसरा युक्तिवाद रुजला, तेथील विभाग तुलनेने तग धरून आहेत.

मार्फाची शाळा १९६५ मध्ये बंद झाली. २००७ मध्ये तिचे माजी विद्यार्थी, आता साठी-सत्तरीतले, पुन्हा त्या आवारात जमले. त्यांनी जमिनीतून एक स्पॅनिश शब्दकोश समारंभपूर्वक उकरून बाहेर काढला. २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या कायद्याने त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मंजूर झाला आणि २०२४ मध्ये ती रीतसर राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आली.

आणि आन्साल्दुआला हेल घालवण्याचे वर्ग करावे लागले ते विद्यापीठ? २०१५ मध्ये ते शेजारच्या विद्यापीठात विलीन होऊन रिओ ग्रांदे खोऱ्यातील टेक्सास विद्यापीठ झाले. द्विभाषिक असणे हे त्याने आपले अधिकृत धोरण म्हणून स्वीकारले आहे. तेथे स्पॅनिश हा पदवीचा विषय आहेच. शिवाय इतर विषयांचेही काही वर्ग आता स्पॅनिशमधून घेतले जातात.